पडद्यावरचा चेहरा, कुंचल्याचा निर्णय

संगणकाच्या किंवा टॅबलेटच्या पडद्यावर रंगवलेले व्यक्तिचित्र आता मराठी वाचकाला नवे राहिलेले नाही. पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांतील चित्रे, नाटक-चित्रपटांची पोस्टर्स, थोरामोठ्यांच्या जयंतीला समाजमाध्यमांवर फिरणारे चेहरे यांतले बरेचसे काम आज कागदाला न शिवता तयार होते. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आले तेव्हा ते मुख्यतः छायाचित्रांवर काम करण्यासाठी होते. पुढे हाताच्या दाबानुसार रेघ जाड-बारीक करणाऱ्या लेखणीचा ग्राफिक टॅबलेट आवाक्यात आला, २०११ मध्ये आयपॅडसाठी प्रोक्रिएट आणि २०१५ मध्ये ॲपल पेन्सिल आली, क्रिटासारखे मोफत सॉफ्टवेअरही मिळू लागले, आणि चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या असंख्य तरुणांच्या हाती एक न संपणारी रंगपेटी आली.

या चित्रांपैकी पुष्कळांत हात बसलेला दिसतो, नाकडोळे जागच्या जागी असतात, साम्यही उतरलेले असते. तरीही चेहरा मेणाचा वाटतो, गाल आणि कपाळ एकाच गुळगुळीत द्रव्याचे केलेले दिसतात आणि चित्रातला माणूस जिवंत वाटत नाही. याचा दोष सहसा साधनाला दिला जातो, पण ते बरोबर नाही. तैलरंगात काम करणाऱ्या जुन्या चित्रकाराला कॅनव्हासवर रंग टेकवण्याआधी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्याच लागत: उजेड कोठून येतो, सर्वांत उजळ जागा कोणती, कोणती कडा स्पष्ट ठेवायची आणि कोणती सोडून द्यायची. डिजिटल साधनात चूक एका बोटाने पुसता येते, चित्र हवे तेवढे मोठे करून पाहता येते, दोन रंग घासून एकजीव करता येतात. त्यामुळे हे निर्णय लांबणीवर टाकण्याची मुभा मिळते, आणि लांबणीवर टाकलेला निर्णय बहुधा घेतलाच जात नाही. जुन्या चित्रकारांच्या अभ्यासाचा खरा उपयोग येथे आहे. त्यांनी कोणता निर्णय केव्हा घेतला हे ओळखायला शिकणे म्हणजे तो अभ्यास. त्यांच्या चित्रांचा तपकिरी बाज उचलल्याने तो होत नाही.

पहिला निर्णय उजेड-अंधाराचा. कलाशाळांत ज्याला 'टोन' म्हणतात, तो म्हणजे एखाद्या रंगाचा तांबडेपणा, पिवळेपणा किंवा निळेपणा बाजूला ठेवल्यावर उरणारा त्याचा उजळपणा वा गडदपणा. शेजारशेजारच्या दोन टोनांमधल्या अंतराला विरोध किंवा कॉन्ट्रास्ट म्हणतात, आणि चेहऱ्याची घडण, म्हणजे कपाळाचा उभार, डोळ्यांच्या खोबणी, गालाच्या हाडाचे वळण, डोळ्याला मुख्यतः या विरोधामुळेच कळते. म्हणूनच कृष्णधवल छायाचित्रातला माणूस ओळखायला कोणाला अडचण पडत नाही. संगणकावर मात्र येथेच एक फसगत होते. रंग निवडण्याच्या चौकटीत 'ब्राइटनेस' नावाचा जो आकडा दिसतो तो डोळ्याला जाणवणारा उजळपणा नसतो. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोन्हींपुढे तेथे १०० हाच आकडा येतो, पण पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ दिसतो आणि निळा काळ्याच्या जवळ जातो. पडद्यावरच्या प्रकाशमानतेचे जे प्रमाणित सूत्र आहे त्यात हिरव्या प्रकाशाचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरलेला असतो. म्हणून आकड्यांवर विसंबून न राहता चित्राच्या सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला एक लेयर, म्हणजे पारदर्शक कागदासारखा स्वतंत्र थर, ठेवून त्याची मिसळण्याची पद्धत 'कलर' अशी निवडावी. खालचे चित्र तात्काळ कृष्णधवल दिसते आणि रंगांच्या आड लपलेली टोनांची गफलत उघडी पडते. हा लेयर काम चालू असताना वारंवार चालू-बंद करून पाहणे ही सवय महागड्या ब्रशांचा संच विकत घेण्यापेक्षा कितीतरी अधिक फळ देणारी आहे.

टोनांचा निर्णय म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी आम्स्टरडॅमच्या रेक्सम्युझियममधले रेम्ब्राँचे एक छोटे आत्मचित्र घ्यावे. साधारण १६२८ मधले, लाकडी फळीवर तैलरंगात केलेले हे चित्र जेमतेम साडेबावीस सेंटिमीटर उंच आहे आणि ते करताना रेम्ब्राँ बावीस वर्षांच्या आसपास होता. व्यक्तिचित्रात डोळे सर्वांत महत्त्वाचे, असे कोणीही सांगेल. या तरुणाने आपले दोन्ही डोळे सावलीत टाकले आहेत. उजेड मागून-बाजूने येतो आणि फक्त मान, कानाची पाळी, एक गाल आणि नाकाचा शेंडा एवढ्यांनाच स्पर्श करून जातो. चेहऱ्याचा उरलेला मोठा भाग एकाच तपकिरी सावलीत बुडालेला आहे, आणि त्या सावलीत डोळे आहेत एवढेच कळते; पाहणारा ते शोधत राहतो आणि शोधताना चित्राशी जखडला जातो. केसांच्या बाबतीत तर अधिकच धाडस आहे: ओल्या गडद रंगात कुंचल्याच्या दांड्याच्या टोकाने ओरखडे काढून खालचा फिकट थर उघडा केला आहे, आणि त्या ओरखड्यांमुळे उजेडात चमकणाऱ्या कुरळ्या बटा तयार झाल्या आहेत. हे चित्र छोटे करून पाहिले तर त्यात तीनच टोन मोजता येतात: भिंतीचा फिकट, चेहऱ्याच्या सावलीचा गडद आणि गाल-मानेवरचा उजळ. या तीन टोनांची जागा आधी ठरली आणि मगच तपशील आले, हे या चित्राचे मर्म आहे. डिजिटल चित्रकाराने हाच क्रम पाळायचा म्हटले तर सुरुवातीचे काम बोटभर उंचीच्या चौकटीत, तीन-चार टोनांत, एकही डोळा किंवा भुवई न काढता करावे लागते, आणि तेवढ्यात माणूस ओळखू येईपर्यंत पुढे जायचे नसते.

टोन ठरवताना आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे पडद्यावरची कोरी पांढरी पाटी. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता; तेथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आल्यावर त्याच्या लक्षात आले की दोष रंगात नसून शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगात आहे. डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाही, शेजाऱ्याच्या संगतीत पाहतो, हा त्याचा सिद्धांत १८३९ मध्ये ग्रंथरूपाने आला. लखलखीत पांढऱ्या पाटीवर लावलेली मध्यम त्वचाछटा त्यामुळेच काळपट भासते, चित्रकार ती घाबरून फिकी करतो, आणि पार्श्वभूमी भरल्यावर सगळा चेहरा पांढुरका होऊन बसतो. जुने चित्रकार कॅनव्हासला आधीच तपकिरी किंवा करडे अस्तर देत, ते याच कारणाने उपयोगी होते: उजळही त्यावर उजळ दिसते आणि गडदही गडद. डिजिटल चित्रातही पहिला लेयर मध्यम करड्या वा तपकिरी रंगाने भरून घेण्याला एक क्षण लागतो.

गोलाकार वस्तूवर एका बाजूने उजेड पडला की त्याचे काही ठरावीक टप्पे पडतात. उजेड थेट पडतो तो उजळ भाग. तेथून पृष्ठभाग वळू लागतो तेव्हा येणारी मध्यछटा. उजेड पोहोचणे थांबते तेथे सावलीचा सर्वांत गडद पट्टा. त्यापलीकडे, खांद्यावरून किंवा कपड्यावरून परतलेल्या प्रकाशाने किंचित उजळलेली सावली, म्हणजे परावर्तित प्रकाश. आणि नाकाखाली, हनुवटीखाली पडणारी पडछाया. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक परावर्तित प्रकाशाची असते. जबड्याच्या कडेला तो दिसला की त्याचा मोह पडतो आणि तो मध्यछटेइतका उजळ केला जातो, त्यामुळे उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्यातली फारकत मोडते. सावलीतली सर्वांत उजळ जागाही उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडद राहिली पाहिजे, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा चित्र सावरतो.

छायाप्रकाशाचा असा काटेकोर हिशेब पाहण्यासाठी मराठी वाचकाला युरोपातच जावे लागते असे नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि त्याच्या छापील प्रती घरोघरी पोहोचलेल्या आहेत. कित्येकांना ते राजा रविवर्म्याचे वाटते, हा हळदणकरांवर होणारा, हळहळ वाटावी असा अन्याय आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री दुसऱ्या तळव्याने ज्योत झाकते आहे, ज्योत आपल्याला दिसत नाही, पण बोटांच्या फटींतून आणि बोटांच्या मांसातून आरपार येणारा तांबूस उजेड आणि खालून उजळलेला चेहरा दिसतो. हे काम जलरंगातले आहे, आणि पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वरून लावायची सोय नसते. उजळ जागा म्हणजे न रंगवता राखून ठेवलेला कागद. म्हणजे चित्रातली सर्वांत उजळ जागा कोणती आणि ती केवढी, हे पहिला ओला हात फिरवण्याआधी ठरलेले होते आणि शेवटपर्यंत पाळले गेले. डिजिटल चित्रकाराजवळ पांढरा रंग केव्हाही असतो, म्हणून तो डोळ्यांच्या बुबुळांत, नाकावर, ओठांवर, केसांवर, दागिन्यांवर सारखाच शिंपडला जातो, आणि सगळीकडे चमक आली की कोठेच उजेड उरत नाही. पूर्ण पांढरा टोन एकाच जागेसाठी राखून ठेवण्याची अट स्वतःवर घालून घेतली तर 'ग्लो ऑफ होप'पासून काही शिकले असे म्हणता येईल.

संदर्भासाठी वापरलेले छायाचित्रही पारखून घ्यावे लागते. आजचा मोबाइल कॅमेरा कमी-अधिक उजेडातल्या अनेक प्रतिमा एकत्र करून सावल्या उजळतो आणि प्रखर जागा दाबतो, त्यामुळे फोटो 'छान' येतो पण चेहऱ्याची घडण सपाट होते. शिवाय अगदी जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान येतात. असा फोटो कितीही इमानाने उतरवला तरी चित्रात खोली येणार नाही. खिडकीजवळ एका बाजूने उजेड घेऊन, दोन-तीन मीटर अंतरावरून काढलेला साधा फोटो व्यक्तिचित्रासाठी अधिक उपयोगाचा ठरतो.

दुसरा निर्णय फटकाऱ्याचा. डिजिटल ब्रश ओढताना पडद्यावर सलग रेघ दिसली तरी प्रत्यक्षात एक ठसा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असतो; ठशाचा आकार, त्याची अपारदर्शकता आणि एका ठशात किती रंग सांडायचा याचे प्रमाण, म्हणजे 'फ्लो', हे लेखणीच्या दाबावर बदलत जाते. सर्वांच्या हाताशी असलेला मऊ गोल ब्रश म्हणजे मध्यापासून कडेकडे विरत जाणारी एक चकती. ती फिरवली की कोणताही टोन दुसऱ्यात अलगद विरघळतो, आणि घासणारे 'स्मज' साधन तर शेजारच्या बिंदूंची सरासरीच काढते. सरासरी काढली की उजळ आणि गडद दोन्ही मध्याकडे सरकतात, विरोध कमी होतो, आणि तांबड्या-हिरवट छटा एकमेकींत मिसळून राखाडी होतात. मेणाच्या चेहऱ्याचे मूळ येथे सापडते: सगळ्या चेहऱ्यावर टोन बदलण्याचा वेग एकसारखा झाल्यामुळे हाड, मांस, ओठ, पापणी हे सगळे एकाच पदार्थाचे होते.

खऱ्या चेहऱ्यात तसे नसते. भुवईच्या हाडाशी, नाकाच्या दांड्याशी, गालफडाच्या वरच्या काठाशी हाड कातडीला लागून असते, म्हणून तेथे पृष्ठभाग झटकन वळतो आणि टोनही झटकन बदलतो. गालाच्या मांसल भागात तोच बदल सावकाश होतो. नाकाची पडछाया नाकपुडीशी धारदार असते आणि वरच्या ओठाकडे जाताना कडा सैल होत जातात. केस जेथे कपाळातून उगवतात तेथे कडा जवळजवळ नसतेच. कडांच्या या फरकाला चित्रकार घट्ट कडा, मऊ कडा आणि हरवलेली कडा अशी नावे देतात. हरवलेल्या कडेचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे व्हर्मीरचे 'मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी', साधारण १६६५ मधले, हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयातले. मुलीचे नाक आणि तिचा पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही. दोन्हींचा टोन एक आहे आणि व्हर्मीरने तो एकच ठेवला. पाहणाऱ्याचा डोळा ते नाक स्वतः पुरे करतो. मोतीही जवळून पाहिला तर वरचा एक जाड पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचे पुसट प्रतिबिंब एवढ्यातच संपतो. त्याला बाह्यरेषा नाही, अडकवलेला आकडाही नाही. ज्याला प्रत्येक पापणी वेगळी काढायची सवय लागली आहे अशा डिजिटल चित्रकाराने या मोत्याची नक्कल एकदा करून पाहावी.

ठळक, दिसेल असा फटकारा ठेवण्याची परंपरा हार्लेमच्या फ्रान्स हाल्सपासून आणि माद्रिदच्या दिएगो व्हेलास्केसपासून पुढे चालत आली. हाल्सच्या 'लाफिंग कॅव्हेलिअर' (१६२४) या लंडनमधल्या चित्रात बाहीवरचे भरतकाम दुरून बारीक वाटते, जवळून ते झपझप मारलेल्या फटकाऱ्यांचे बनलेले दिसते. त्याच्या काळ्या पोशाखांनी तर व्हॅन गॉग इतका भारावला की हाल्सजवळ सत्तावीस प्रकारचे काळे असावेत अशा अर्थाचे त्याने १८८५ मध्ये भावाला लिहिले; सावली म्हणजे काळा रंग मिसळणे, एवढेच जाणणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जॉन सिंगर सार्जंट हा अमेरिकी चित्रकार पॅरिसमध्ये कारोल्युस-द्युराँच्या हाताखाली शिकला, तेथे व्हेलास्केसचा धडा रोज गिरवला जाई; १८७९ मध्ये त्याने माद्रिदला जाऊन व्हेलास्केसच्या आणि १८८० मध्ये हार्लेमला जाऊन हाल्सच्या चित्रांच्या प्रती केल्या. पुढे तो व्यक्तिचित्र करताना दूर जाऊन मॉडेल आणि कॅनव्हास एकत्र पाहायचा, चालत पुढे यायचा, एक फटकारा द्यायचा आणि पुन्हा मागे जायचा. योग्य टोनाचा, योग्य आकाराचा रंग योग्य जागी एकदाच ठेवायचा आणि घासायचा नाही, ही त्या शिक्षणाची शिस्त होती.

पडद्यासमोर बसलेल्या चित्रकाराला मागे जाण्याची गरज वाटत नाही, उलट दोन बोटांनी चित्र मोठे करून तो डोळ्याच्या कोपऱ्यात शिरतो. डोळा, नाक, ओठ वेगवेगळे पूर्ण होतात आणि एकत्र पाहिले की तीन निरनिराळ्या चेहऱ्यांतून आणल्यासारखे दिसतात. यावर सोपे उपाय आहेत: सगळ्या चित्राची छोटी प्रतिमा दुसऱ्या खिडकीत सतत उघडी ठेवणे, ब्रशाचा आकार सुरुवातीला कपाळाच्या निम्म्याइतका मोठा ठेवणे, आणि अपारदर्शक, चौकोनी वा किंचित खरखरीत ब्रशाने रंगाचे तुकडे शेजारी शेजारी ठेवत जाणे. दोन तुकड्यांमधला टप्पा खुपत असेल तर घासण्याऐवजी दोहोंच्या मधला तिसरा टोन उचलून त्या जागी ठेवावा. चेहरा वळतो, पण फटकारा जिवंत राहतो. चित्र आडवे उलटवून पाहण्याची जी सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते ती नवी नाही. आपले काम आरशात पाहावे म्हणजे चुका परक्याच्या कामासारख्या दिसतात, असा सल्ला लिओनार्दोच्या टिपणांत आहे.

त्वचेच्या रंगाबाबत थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण डिजिटल चित्रकलेचे बरेचसे तयार धडे आणि रंगपट्ट्या गोऱ्या कातडीसाठी केलेल्या असतात. त्या पट्ट्या गडद करून सावळा चेहरा रंगवला की तो मातकट होतो. कातडीवरची चमक ही वरच्या पृष्ठभागावरून परत आलेल्या उजेडाची असते, तिचा कातडीच्या वर्णाशी फारसा संबंध नसतो. म्हणून सावळ्या त्वचेवर चमक आणि त्वचा यांच्यातला विरोध अधिक असतो आणि त्या चमकेत आकाशाचा निळसरपणा किंवा दिव्याचा पिवळेपणा स्पष्ट उतरतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले व्हेलास्केसचे 'हुआन दे पारेहा' (१६५०) हे चित्र या दृष्टीने जवळून पाहण्यासारखे आहे. पारेहा हा व्हेलास्केसचा गुलाम आणि साहाय्यक होता. त्याच साली त्याला मुक्त करण्याचा दस्तऐवज झाला आणि पुढे तो स्वतः चित्रकार म्हणून जगला. करड्या-हिरवट पार्श्वभूमीवर तशाच करड्या पोशाखात तो उभा आहे, पांढरी लेसची कॉलर हा सर्वांत उजळ भाग, आणि तिच्या शेजारी त्याचा तपकिरी चेहरा ऊबदार, रसरशीत दिसतो. व्हेलास्केसने चेहऱ्यात भडक तांबडा वापरून ही ऊब आणलेली नाही; सभोवती थंड करडा ठेवल्यामुळे मोजका तपकिरीही उजळून निघाला आहे. शेव्हरलचा सिद्धांत येण्याआधी १८९ वर्षे तो येथे वापरात होता. कपाळावरची चमक चार-दोन अपारदर्शक फटकाऱ्यांची आहे, तर सावलीत रंग इतका पातळ आहे की खालचे अस्तर जाणवते. उजेडात रंग जाड आणि सावलीत पातळ, ही तैलचित्रकारांची जुनी रीत पडद्यावर जशीच्या तशी आणता येत नाही, कारण तेथे रंगाला जाडीच नसते. पण उजेडाच्या भागात अपारदर्शक, पोत असलेला ब्रश आणि सावलीत पातळ, शांत थर, असा भेद ठेवला की तिचा परिणाम बराचसा साधतो.

जुन्या चित्रांच्या प्रती करून शिकण्याला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याला जाऊ लागला आणि १८८५ पर्यंत, हंगामामागून हंगाम, लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती तयार झाल्या. त्यांतल्या अनेक लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. या कामावर असलेले पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी घरांतल्या माणसांच्या छायाप्रकाशयुक्त चित्रांसाठी नावाजले गेले. छायांकनाचा विचार आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना आहे: विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात 'वर्तना' म्हणजे छटा देऊन उठाव आणण्याची क्रिया सांगितली असून तिचे पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार केले आहेत, म्हणजे पानाच्या शिरांसारख्या रेषांनी दिलेली छटा, अत्यंत सूक्ष्म छटा आणि ठिपक्यांनी दिलेली छटा. फटकाऱ्याचा आकार आणि छटेचा परिणाम यांचा संबंध त्या ग्रंथकाराने नेमका ओळखला होता, आणि डिजिटल ब्रशाच्या ठशात पान, रेघ किंवा ठिपका बसवणाऱ्याला हे वर्गीकरण आजही कामी येईल.

प्रत करण्याची सामग्री आता घरबसल्या मिळते. रेक्सम्युझियमने २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या चित्रांच्या उच्च दर्जाच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या, मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये तेच केले, आणि रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'ची ७१७ अब्ज बिंदूंची प्रतिमा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत रंगाच्या तड्यांच्याही आत डोकावता येते. मात्र प्रतिमेवर पारदर्शक लेयर टाकून गिरवणे आणि रंगउचल्या साधनाने मूळ चित्रातून रंग उचलणे या दोन्ही गोष्टी अभ्यासाच्या वेळी बंद ठेवाव्यात, कारण टोन आणि रंग यांचा अंदाज घेणे हाच तर व्यायाम आहे आणि या साधनांनी नेमका तोच टळतो. आधी डोळ्याने रंग ठरवावा, लावावा, आणि चित्र संपल्यावर उचलून ताडून पाहावे. उजेड किती फिका धरला गेला आणि सावली किती काळी, हे तेव्हा कळते. पूर्ण चित्राची प्रत करण्यापेक्षा एक डोळा आणि त्याभोवतीची खोबण, किंवा नाक आणि त्याची पडछाया, एवढाच तुकडा मोजक्या, आधी ठरवलेल्या फटकाऱ्यांत करणे अधिक शिकवते.

एक सावधगिरी मात्र हवी. जुनी चित्रे आज जशी दिसतात तशी ती रंगवली गेली नव्हती. त्यांवरचे वॉर्निश काळाबरोबर पिवळे, तपकिरी होत जाते. १६४२ च्या 'नाइट वॉच'ला रात्रीचे नाव चिकटले ते काळवंडलेल्या वॉर्निशामुळे, आणि १९४० च्या दशकात ते काढल्यावर चित्रात दिवसाचा उजेड आहे हे स्पष्ट झाले. व्हर्मीरच्या मुलीमागचा आजचा काळा अंधार मुळात हिरवा पडदा होता, हेही २०१८ मध्ये सुरू झालेल्या वैज्ञानिक तपासणीतून समोर आले. त्यामुळे पूर्ण झालेल्या डिजिटल चित्रावर तपकिरी लेयर आणि तड्यांचा पोत चढवून त्याला 'मास्टर'चे रूप देण्याची जी टूम आहे, तिच्यामुळे चित्रकार फक्त जुन्या धुळीची नक्कल करतो; छायाप्रकाशाचा एकही निर्णय त्यातून शिकला जात नाही.

पडद्यावरच्या प्रतिमेत रंगाची जाडी, चित्राचा आकार आणि दोन पावले मागे गेल्यावर होणारा बदल कळत नाही, म्हणून मूळ चित्रे पाहण्याला पर्याय नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत. पणजीला फुंदासाओ ओरिएंतमध्ये आंतोनिओ शावियेर त्रिनदाद (१८७०–१९३५) यांची चित्रे आहेत. गोव्यात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले आणि तेथेच शिक्षक झालेले हे चित्रकार 'पूर्वेचे रेम्ब्राँ' म्हणून ओळखले जात. त्यांनी रंगवलेल्या कोकणी, गोमंतकीय, मुंबईकर चेहऱ्यांत आपल्याकडच्या उजेडात आपल्या वर्णाची कातडी कशी दिसते याची उत्तरे आहेत, आणि ती परदेशी धड्यांत मिळत नाहीत. तेथे जाताना टॅबलेट बरोबर नेण्यास हरकत नाही, पण फोटो काढण्यापूर्वी डोळे बारीक करून चित्राचे तीन टोन आधी एका बोटभर चौकटीत उतरवावेत, मग जवळ जाऊन एकाच गालावर किती फटकारे आहेत आणि कोणती कडा सोडून दिलेली आहे ते टिपून घ्यावे. घरी परतल्यावर त्याच तीन टोनांत समोर बसलेल्या एखाद्या घरच्या माणसाचा चेहरा, खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात आणि फोटोविना, करायला घ्यावा.